आपत्ती वेळापत्रक पाहून येत नाही

(नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या भाषणाचा संपादित भाग)



संकट कोसळल्यावर धावून जाणे हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती कोठे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कार्यकर्ते तिकडे निघाले. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी काही जणांनी तेथे ढिगारे उपसले आहेत, प्रेतांवर अंत्यसंस्कार केले आहेत, नंतर महिनोन्‌महिने तेथे राहून घरे आणि शाळा उभ्या केल्या आहेत. त्या सेवेविषयी मनात कृतज्ञता आहेच.

परंतु आज मी आपल्यापुढे एक अप्रिय प्रश्न ठेवणार आहे. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच भूकंपाचे धक्के बसत होते. लोक घाबरून रात्री अंगणात झोपत, चार दिवस गेले की पुन्हा घरात जात. त्या वर्षभरात त्या गावांतील शाळांमध्ये भूगोलाचा तास होतच होता. भूकंप म्हणजे काय, त्याची कारणे कोणती, हे प्रश्न परीक्षेत येत होते आणि मुले त्यांची उत्तरे लिहीत होती. आपल्या घराची भिंत दोन बाजूंनी दगड लावून आत माती भरलेली आहे, डोक्यावर टनावारी मातीचे माळवद आहे, तेव्हा धक्के बसत असताना आपण कोठे झोपावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही वर्गात विचारला गेला नसावा. मी स्वतः त्या काळात शिक्षक होतो. मीही तो विचारला नव्हता.

संकटानंतरची सेवा आपण शिकलो. संकटापूर्वीची सिद्धता आपण अद्याप शिकलेलो नाही, आणि ती शिकण्याची जागा शाळा हीच आहे. आजचा माझा विषय एवढाच आहे.

कामाइशीची मुले

या बाबतीत ज्यांच्याकडून शिकावे असा देश जपान आहे. तेथील इवाते प्रांतात कामाइशी नावाचे समुद्रकाठचे नगर आहे. १८९६ मध्ये त्या किनाऱ्यावर आलेल्या सुनामीत सुमारे २२ हजार माणसे मृत्यू पावली होती. १९३३ मध्ये पुन्हा सुनामी आली. त्यामुळे त्या नगराच्या खाडीच्या तोंडाशी प्रचंड लाटरोधक भिंत बांधण्यात आली. तीस वर्षांचे काम २००९ मध्ये पूर्ण झाले. जगातील सर्वांत खोल पाण्यातील भिंत म्हणून तिची नोंद झाली. साहजिकच लोक निर्धास्त झाले.

गुन्मा विद्यापीठातील प्राध्यापक तोशिताका काताडा यांना ही निर्धास्तता धोक्याची वाटली. भूकंप झाल्यावरही लोक घर सोडत नाहीत, आणि मोठी माणसे सोडत नाहीत म्हणून मुलेही सोडत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. मोठ्यांना व्याख्याने देऊन उपयोग होत नाही हा अनुभव घेतल्यावर ते शाळांकडे वळले. त्यांनी मुलांना एक साधा प्रश्न लिहून विचारला : तू घरात एकटा आहेस आणि मोठा भूकंप झाला, तर काय करशील? बहुतेक मुलांनी लिहिले, ‘आईला दूरध्वनी करीन’, ‘आई-बाबा येईपर्यंत थांबेन’. काताडांनी त्या उत्तरपत्रिका मुलांबरोबर घरी पाठवल्या आणि पालकांना विचारले : हे उत्तर वाचून आपले मूल वाचेल असे आपल्याला वाटते काय?

पालकहो, हा प्रश्न येथेच क्षणभर स्वतःला विचारून पाहा.

पुढची काही वर्षे कामाइशीच्या शिक्षकांनी काताडांच्या साहाय्याने काम केले. त्यांनी नवा विषय सुरू केला नाही. २०१० मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका सिद्ध केली आणि चालू विषयांतच सुनामीला स्थान दिले. गणितात लाटेचा वेग काढायचा, समाजशास्त्रात पूर्वीच्या सुनामींचा इतिहास अभ्यासायचा. मुलांनी घर ते शाळा या आपल्या रोजच्या वाटेचा नकाशा स्वतः काढला आणि कोणत्या ठिकाणी असताना कोणत्या उंचवट्याकडे पळायचे याच्या खुणा त्यावर केल्या. पूर्व माध्यमिक शाळेच्या मुलांनी ‘आम्ही सुरक्षित स्थळी गेलो आहोत’ अशा अर्थाच्या पाट्या तयार करून घरोघरी वाटल्या. घर सोडताना ती पाटी दाराला लावायची, म्हणजे शोधायला आलेला माणूस तेथे आपला जीव धोक्यात घालणार नाही. काताडांनी मुलांना तीन सूत्रे दिली होती. गृहीतकांवर विसंबू नका. त्या परिस्थितीत जे उत्तमात उत्तम करता येईल ते करा. आणि इतरांची वाट न पाहता पहिले पाऊल तुम्ही उचला, कारण एक जण पळाला की त्याला पाहून दहा जण पळतात.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० क्षमतेचा भूकंप झाला. वीज गेली, त्यामुळे शाळेतील ध्वनिक्षेपक बंद पडला. सूचना मिळण्याची वाट न पाहता पूर्व माध्यमिक शाळेची मुले धावू लागली. शेजारच्या उनोसुमाई प्राथमिक शाळेतील मुलांना तिसऱ्या मजल्यावर नेण्यात आले होते. मोठी मुले पळताना दिसताच तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. पाऊण किलोमीटरच्या आसपास असलेल्या ठरलेल्या जागी सर्व जण पोहोचले. तेथे पाठीमागच्या कड्याचे दगड घसरत असल्याचे ध्यानात आले. ‘ही जागा ठरलेली आहे’ असे म्हणून कोणी थांबले नाही. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले आणि सर्व जण आणखी वर निघाले. मागे वळून पाहिले तेव्हा गाव पाण्याखाली जात होते, म्हणून ते त्याहूनही वर चढले. दोन्ही शाळांच्या इमारती लाटेत बुडाल्या. प्रशासनाच्या धोका-नकाशात त्या दोन्ही शाळा सुरक्षित क्षेत्रात दाखवलेल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. जगप्रसिद्ध भिंतही त्या लाटेपुढे टिकली नाही.

या दोन शाळांतील जवळजवळ सहाशे मुले वाचली. संपूर्ण कामाइशीत त्या दिवशी हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. परंतु नगरातील प्राथमिक आणि पूर्व माध्यमिक शाळांच्या सुमारे तीन हजार मुलांपैकी, त्या वेळी शाळेत नसलेली पाच सोडली तर, सर्व वाचली. वृत्तपत्रांनी याला ‘कामाइशीचा चमत्कार’ म्हटले. त्या मुलांना हा शब्द रुचला नाही. त्यांचे म्हणणे असे की, हा चमत्कार नव्हता, आम्ही जे शिकलो होतो तेच केले.

तीच लाट, दुसरी शाळा

आता त्याच दिवसाची, शेजारच्या मियागी प्रांतातील दुसरी घटना सांगतो. ती सांगताना माझ्यातील शिक्षकाला फार यातना होतात. इशिनोमाकी नगरातील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, नदीकाठी होती. भूकंपानंतर शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानावर आणून उभे केले. पटसंख्या घेतली. आणि मग कोठे जायचे हे ठरेना. शाळेच्या नियमावलीत ‘जवळची मोकळी जागा किंवा उद्यान’ असा मोघम उल्लेख होता. शाळेमागेच डोंगर होता. डोंगरावर जाऊ या, असे काही मुलांनी म्हटल्याचे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. सुमारे पन्नास मिनिटे मुले मैदानावर होती. अखेर त्यांना नदीवरच्या पुलाजवळील उंचवट्याकडे नेण्यास सुरुवात झाली, आणि नदीतून वर चढलेली लाट समोरून आली. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले.

त्या शिक्षकांचे मुलांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? ते मुलांबरोबरच गेले. परंतु पालक न्यायालयात गेले, आणि सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जो निर्णय दिला तो २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. त्याचे सार असे की, दोष केवळ त्या पन्नास मिनिटांतला नव्हता. आधीच्या वर्षांत सिद्धता केली गेली नाही, नियमावली कागदावरच राहिली, ही शाळेची आणि नगराच्या शिक्षण खात्याची चूक होती. ममता आणि शिस्त यांनी सिद्धतेची उणीव भरून निघत नाही, हा त्या निकालाचा आपल्यासाठी अर्थ आहे.

कामाइशीतही एक कटू घटना घडली. उनोसुमाई भागात आपत्ती निवारण केंद्राची नवी इमारत झाली होती. खरी सुरक्षित जागा वृद्धांना दूर पडते म्हणून लोक सोयीसाठी सराव या केंद्रातच करीत. ११ मार्चला ते सवयीने तेथेच गेले, आणि त्या केंद्रात शंभराहून अधिक माणसांचा अंत झाला. याचा अर्थ काय? सराव खोटा असेल तर तो निरुपयोगी ठरतो एवढेच नव्हे, तो प्राणघातकही ठरतो. माणूस संकटात विचार करीत नाही, सवय झालेली गोष्ट करतो.

आमच्या शाळेतील सराव

खोट्या सरावाविषयी बोलताना दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी वरून परिपत्रक आले. आम्ही दिवस ठरवला, तिसरा तास ठरवला, वर्गशिक्षकांना आदल्या दिवशी सूचना दिल्या. घंटा झाली, चार मिनिटांत सातशे मुले रांगेत मैदानावर उभी राहिली. छायाचित्रे काढली, अहवाल पाठवला. अधिकारी प्रसन्न झाले आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सातवीतील एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी आली. म्हणाली, “सर, मधल्या सुट्टीत घंटा झाली तर काय करायचं? मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप असतं. किल्ली शिपाईकाकांकडे असते, आणि ते त्या वेळी बँकेत गेलेले असतात.”

मी त्या दारापाशी गेलो. कुलूप गंजलेले होते. सरावाच्या दिवशी ते तेल घालून उघडून ठेवले होते, कारण सराव असल्याचे आम्हाला ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात कोणालाही न सांगता मी मधल्या सुट्टीत घंटा दिली. सर्व मुले मैदानावर यायला अकरा मिनिटे लागली. पहिलीची दोन मुले स्वच्छतागृहाजवळ रडत उभी होती, ती कोणाच्याच मोजणीत नव्हती. पायाला कॅलिपर लावून चालणारा एक विद्यार्थी दुसऱ्या मजल्यावरच राहिला होता. ‘कोणीतरी त्याला आणीलच’ असे प्रत्येकाला वाटले होते.

त्या दिवशी मी लज्जित झालो. नंतर आम्ही काम मुलांवर सोपवले. सातवी-आठवीच्या मुलांचे गट केले. त्यांनी इमारत पालथी घातली. जिन्याखाली रचलेले मोडके बाक, प्रयोगशाळेतील गॅसच्या टाकीजवळ ठेवलेले जुने कागद, बाहेर उघडण्याऐवजी आत उघडणारी दारे, हे सारे त्यांनी नकाशावर मांडून माझ्या टेबलावर ठेवले. मी त्या इमारतीत एकोणीस वर्षे वावरत होतो. त्यांनी चार दिवसांत जे पाहिले ते मी एकोणीस वर्षांत पाहिले नव्हते. सुदैवाने आमच्या शाळेवर पुढे तसा प्रसंग आला नाही. परंतु मी निवृत्त झालो तेव्हा अघोषित सरावाची वेळ पाच मिनिटांवर आली होती, आणि कॅलिपरवाल्या मुलाचे दोन साथीदार नावानिशी ठरलेले होते.

विद्यार्थ्यांच्या पुढाकाराचे महत्त्व मी ग्रंथात वाचले नाही, त्या मुलीकडून शिकलो.

कायदा आहे, धडा आहे, मग उणीव कोठे?

आपल्या देशात या विषयाकडे कोणी पाहिलेच नाही असे नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत निघालेली मुले आणि शिक्षक अरुंद गल्लीतील इमारतींखाली गाडले गेले. जवळजवळ दोनशे जण होते ते. त्यांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या वीर बालक स्मारकाचे लोकार्पण २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २००३ पासून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आठवीपासून आपत्ती व्यवस्थापन शिकवण्यास आरंभ केला. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून ९४ बालके होरपळून गेली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. कुंभकोणमच्या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या राज्यात २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा स्वतंत्र धडा आहे.

मग उणीव कोठे आहे? धडा आहे, पण तो गुणांसाठी वाचला जातो. ‘भूकंपाच्या वेळी कोणती काळजी घ्याल?’ या प्रश्नाला पाच मुद्दे लिहिणारा विद्यार्थी आपल्या वर्गाच्या दाराची कडी कोणत्या बाजूला आहे हे सांगू शकत नाही. पुस्तक सर्व महाराष्ट्रासाठी एक असते, आपत्ती मात्र प्रत्येक गावाची वेगळी असते. चिपळूणच्या मुलाला वाशिष्ठीचा पूर कळला पाहिजे, पाटणच्या मुलाला कोयनेचा भूकंप, आंबेगावच्या मुलाला डोंगराचा उतार, आणि मुंबईच्या मुलाला भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस. हे मुंबईत किंवा पुण्यात बसून कोणी लिहू शकणार नाही. ते त्या त्या शाळेतील मुलांनीच शोधले पाहिजे.

अभ्यासक्रमात बसवायचे कसे?

‘आणखी एक विषय? आहेत ते पुरे होत नाहीत!’ अशी शिक्षकांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, नवा विषय नको, नवी परीक्षा नको. जे तास आहेत त्यांतच उदाहरणे बदलू या.

गणितात टाकी भरण्या-रिकामी करण्याची उदाहरणे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आलो. त्याऐवजी एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होईल हे काढायला सांगा. उत्तर येते दहा लाख लिटर. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सांगा. एका हेक्टरवर ९४ लाख लिटरांहून अधिक! हे पाणी जाणार कोठून, हा प्रश्न मूल स्वतःच विचारील आणि नाल्यात टाकलेल्या पिशवीकडे वेगळ्या दृष्टीने पाहील.

विज्ञानात भूकंपलहरी शिकवतो. पहिली लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते, दुसरी, अधिक हादरवणारी, सुमारे साडेतीन. शंभर किलोमीटरवर भूकंप झाला तर दोहोंमध्ये किती वेळ मिळेल? बारा सेकंद. बारा सेकंदांत आपण बाकाखाली जाऊन त्याचा पाय धरू शकतो काय? लगेच करून पाहा. धडा आणि सराव एकाच तासात झाला.

भूगोलात समोच्च रेषा असतात. त्या परक्या डोंगराच्या कशासाठी? आपल्याच गावाच्या काढाव्यात. कोल्हापूरच्या मुलांना राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे ठाऊक असते, कारण घरी त्याचीच चर्चा असते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते याची नोंद मुलांनी करून तो नकाशा शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावला, तर तो साऱ्या पेठेच्या उपयोगी पडेल. डोंगरपायथ्याच्या शाळांनी पर्जन्यमापक ठेवावा आणि मुलांनी रोज सकाळी नोंद करावी. उतारावर नवी भेग पडली, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ झाले, तर ते कोणाला कळवायचे हे ठरलेले असावे. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३ ही नावे आपल्याला केवळ श्रद्धांजलीसाठी आठवता कामा नयेत.

मराठीच्या तासाला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध किती वर्षे लिहायचा? मुलांनी आजी-आजोबांपाशी बसून १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा आपल्या गावचा मोठा पूर यांच्या आठवणी लिहून आणाव्यात. पाणी कोठवर आले होते, लोक कोठे गेले, कोणते घर वाचले आणि का? इंडोनेशियातील सिमेउलू बेटावर १९०७ च्या सुनामीची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि अंगाईगीतांत जपली गेली होती. २००४ मध्ये भूकंप होताच लोक तो शब्द उच्चारीत डोंगरावर पळाले आणि सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर सुनामीने अवघे सात बळी गेले. आजीचे शहाणपण आणि शाळेचे विज्ञान यांत वैर नाही, हे यातून दिसते.

नागरिकशास्त्रात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात हे शिकवले जाते. मुलांनी एकदा तहसील कार्यालयात जाऊन आपल्या गावाची योजना पाहावी. शारीरिक शिक्षणाच्या तासाला जखमीला उचलणे, रक्तस्राव थांबवणे शिकवावे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना आहे. त्यांतील एखादा दिवस गवंडी-सुतारांसोबत घरांच्या भिंती आणि छपरे तपासण्यास द्यावा. किल्लारी पहाटे चार वाजता घडली हे विसरू नका. आपत्ती शाळेच्या वेळेत येईलच असे नाही, म्हणून शाळेतील ज्ञान मुलांच्या हाती घरापर्यंत पोहोचले पाहिजे.

पुढाकार मुलांचा, उत्तरदायित्व आपले

येथे एक सावधानता सांगणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांचा पुढाकार म्हणजे मुलांना पुरात उतरवणे किंवा आगीत पाठवणे नव्हे. तसे करणाऱ्याला मी शिक्षक म्हणणार नाही. निरीक्षण, नोंद, सूचना, सराव आणि वेळ आल्यास सर्वांत आधी सुरक्षित जागी निघणे, एवढेच मुलांचे काम. गंजलेले कुलूप मुलाने दाखवायचे, ते बदलायचे मुख्याध्यापकाने. मुलाने दाखवलेली उणीव दूर झाली नाही तर दोन गोष्टी घडतात. धोका तसाच राहतो, आणि आपल्या बोलण्याला किंमत नाही हे मूल शिकते. त्यातील दुसरी हानी अधिक मोठी आहे.

मुले घाबरतील, असेही काही पालक म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. ज्याला काही करता येत नाही तो घाबरतो. काय करायचे हे ज्याला ठाऊक आहे त्याचे भय ओसरते. काताडांनी मुलांना एक गोष्ट घरी सांगायला लावली होती : “मी नक्की उंच जागी जाईन, तेव्हा तुम्ही मला न्यायला येऊ नका, तुम्हीही निघा.” मुलाला शोधायला समुद्राकडे जाणारे पालक त्यात प्राण गमावतात, म्हणून ही प्रतिज्ञा. यात आई-मुलांच्या प्रेमाला बाधा कोठे येते? परस्परांवरचा विश्वास हेच प्रेमाचे बलवान रूप आहे.

आपण संस्कारांविषयी पुष्कळ बोलतो. लहानग्याचा हात धरून आधी त्याला वर पोहोचवणे, चालू न शकणाऱ्या मित्राला नावानिशी लक्षात ठेवणे, आपल्या गावाची भूमी पावलापावलाने जाणणे, हे संस्कार नव्हेत काय? मातृभूमीवरील प्रेम घोषणेत जितके आहे, त्याहून अधिक तिच्या उतारांचे, ओढ्यांचे आणि भिंतींचे ज्ञान करून घेण्यात आहे.

शेवटी आपणा सर्वांना तीन विनंत्या करतो. मुख्याध्यापकांनी पहिल्या घटक चाचणीपूर्वी एक सराव मधल्या सुट्टीत, कोणालाही न सांगता घ्यावा, एक जिना बंद आहे असे मानून घ्यावा, आणि लागलेला वेळ फलकावर प्रामाणिकपणे लिहावा. शिक्षकांनी आपल्या विषयातील केवळ एक धडा आपल्या गावच्या आपत्तीशी जोडून शिकवावा. आणि पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला तोच प्रश्न विचारा : तू घरात एकटा आहेस, आणि जमीन हादरू लागली, किंवा पाणी दारात आले, तर काय करशील?

त्याचे उत्तर नीट ऐका. ते ऐकून आज रात्री आपल्याला शांत झोप लागली, तर माझे हे भाषण व्यर्थ होते असे समजा. झोप लागली नाही, तर उद्या सकाळी शाळेत या. तेथे काम आहे.